आपले सदैव कृतघ्न

माझ्या मावशीने नोकरीच्या काळात एकसष्ट माणसांना देवमाणूस करून घरी पाठवलं. त्यातले दोघे खरोखर बरे होते असं ती म्हणते, पण दुसरा कोण ते तिला आठवत नाही.

मावशी पाणीपुरवठा खात्यात टायपिस्ट म्हणून लागली आणि आस्थापना शाखेची प्रमुख म्हणून निवृत्त झाली. पगार कशाचा घ्यायची ते फायलींना ठाऊक. तिचं खरं काम एकच होतं, निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रं लिहिणं. एरवी तिच्या वाऱ्याला उभी न राहणारी माणसं अचानक तिच्या टेबलाशी घुटमळायला लागली, "बाई, तब्येत काय म्हणते?" असं विचारायला लागली, की समजायचं, गडी महिनाभरात निवृत्त होतोय.

मावशीचा नियम असा की खोटं लिहायचं, पण शुद्ध लिहायचं. तिची विशेषणं ठरलेली होती आणि त्यांचे अर्थ फक्त तिला आणि मला माहीत होते. मनमिळाऊ म्हणजे काम केलं नाही, पण भांडलाही नाही. शिस्तप्रिय म्हणजे छळवादी. स्पष्टवक्ता म्हणजे तोंडाचा फाटका. हरहुन्नरी म्हणजे कार्यालयाचं काम सोडून बाकी सगळं येत होतं. ज्याच्याबद्दल डोकं खाजवूनही काही आठवायचं नाही, तो अजातशत्रू. एका स्टोअरकीपरला तिने "निगर्वी, निर्मोही, निष्कपट" असं एका दमात लिहिलं होतं. मी म्हटलं, एवढं? तर म्हणाली, "तीन वेळा नि लावलाय. म्हणजे त्याच्याकडे काही नव्हतं." समारंभात ते वाचून दाखवलं तेव्हा स्टोअरकीपरच्या बायकोने शेजारणीला विचारलं म्हणे, "हे कोणाचं चाललंय?"

शुद्धलेखनाच्या बाबतीत मात्र मावशी कोणाच्या बापाचं ऐकत नसे. पर्समध्ये लाल पेन कायम. तिच्या इमारतीच्या जिन्यात कोणीतरी "येथे थुंकु नये" असं लिहिलं होतं, त्यातला कु तिने दीर्घ केला. थुंकणारे थांबले नाहीत, पण निदान शुद्ध सूचनेखाली थुंकू लागले. लग्न ठरल्यावर काकांनी तिला एकच प्रेमपत्र लिहिलं. ते तिने तपासून परत पाठवलं. काकांनी दुसरं लिहिण्याची हिंमत केली नाही. "मार्क तरी द्यायचेस," असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. तिला मूलबाळ नाही, त्यामुळे उरलेली सगळी लाल शाई माझ्या वाट्याला आली. माझ्या औषधाच्या दुकानाची पाटी तिने दोनदा उतरवून पुन्हा रंगवून घेतली. दुसऱ्यांदा तर चूक पाटीत नव्हतीच, पेंटरच्या बिलात होती, पण एकदा राग आला की ती हातासरशी सगळंच उतरवते.

हे लाल पेन कुठून आलं, ती गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे की मध्येच झोप लागली तरी काही बिघडत नाही.

पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मावशी एकवीस वर्षांची, नोकरीला चार महिने झालेले, अजून कायम झालेली नव्हती. घरी वडील अंथरुणाला खिळलेले आणि पाठची दोन शाळकरी भावंडं. सगळ्यांची चूल तिच्या टाइपरायटरवर पेटत होती. त्या वर्षी मोठी जलवाहिनी फुटली आणि नळाला गढूळ पाणी यायला लागलं. खात्याने तातडीने सूचना काढली, "नागरिकांनी न उकळलेले पाणी पिऊ नये." मावशीने ती टाइप केली, तिच्या शेकडो प्रती निघाल्या, भिंतीभिंतीवर लागल्या. मग कोणीतरी वाचल्या. त्यांवर लिहिलं होतं, "नागरिकांनी उकळलेले पाणी पिऊ नये."

एक न राहिला होता. नशीब एवढंच की खात्याची सूचना कोणी पाळत नसे, म्हणून सगळे वाचले. पण वर्तमानपत्रांना आयता विषय मिळाला आणि वरून फर्मान आलं की चूक करणाऱ्याला घरी पाठवा. मावशी रडून रडून अर्धी झाली. तिथले कार्यकारी अभियंता तेव्हा चाळिशीचे होते, ज्यांना पुढे सगळं खातं "मोठे साहेब" म्हणायचं. त्यांनी मूळ मसुदा मागवला. त्यात न ठसठशीत होता. साहेबांनी तो मसुदा फाडला, दुसरा कागद घेतला आणि स्वतःच्या हाताने तीच सूचना पुन्हा लिहिली, न गाळून. मग वर कळवलं, "चूक माझ्या मसुद्यात आहे. टंकलेखिकेने बरहुकूम टाइप केले आहे."

त्यांची बढती दोन वर्षं लांबली. मावशीला त्यांनी फक्त बोलावलं, टेबलावरचं लाल पेन उचलून दिलं आणि म्हणाले, "आधी वाचत जा. आणि आता न विसरू नका." पुढची सगळी नोकरी ते तिला "नवाल्या बाई" म्हणत राहिले. त्या दोन शाळकरी भावंडांतली एक माझी आई. म्हणजे तो कागद फाटला नसता, तर आईची शाळा सुटली असती आणि मग मी कुठे असते ते देव जाणे. हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असून मी तरी काय केलं? गोष्ट सुरू झाली की जांभई दिली.

तर गेल्या वर्षापर्यंत असं सगळं सुखाने चाललं होतं. मावशी सहासष्टची झाली, गुडघे कुरकुरायला लागले, जीभ मात्र ठणठणीत. अशात निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मंडळाने तिच्या निवडक मानपत्रांचं पुस्तक काढायचं ठरवलं. मावशीने आढेवेढे घेतले, म्हणजे फोन ठेवायच्या आत हो म्हणाली. कपाटातून एकसष्ट मसुद्यांची फाइल काढली आणि स्वतःवर खूश होत एकेक वाचायला बसली. मधूनमधून मला फोन करून उतारे ऐकवायची. मी गिऱ्हाइकांना गोळ्या मोजून देत हं हं म्हणायची.

चौथ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "दुकान बंद कर आणि ये."

"काय झालं? पडलीस का?"

"पडले असते तर बरं झालं असतं."

मी पोचले तेव्हा ती खुर्चीत बसली होती आणि मांडीवर एक कागद होता. तिने तो माझ्या हातात दिला. मोठ्या साहेबांचं मानपत्र. सत्तावीस वर्षांपूर्वीचं. मी वाचत गेले. धीरोदात्त, प्रज्ञावंत, कनिष्ठांचा आधारवड, सगळं नेहमीचं सामान जागच्या जागी होतं. मग शेवटची ओळ आली. "आम्ही आहोत, आपले सदैव कृतघ्न, समस्त कर्मचारी."

मी पुन्हा वाचलं. मग मला हसू फुटलं. इतकं, की भिंतीला धरून उभं राहावं लागलं. सबंध खात्याने सोनेरी चौकटीत घालून आपल्या साहेबांना लेखी कळवलं होतं की उपकार विसरण्यात आमचा हात कोणी धरू शकणार नाही.

"हस," मावशी म्हणाली. "हसून घे. मग सांगते."

"अगं, पेंटरने केलं असेल." तेव्हा मानपत्रं पेंटरकडून रंगवून घेत असत.

"पेंटरला अक्कल नव्हती, पण नजर होती. बघून जसंच्या तसं काढायचा. आणि हा कागद पेंटरचा नाही. अक्षर कोणाचं आहे बघ."

अक्षर तिचंच होतं. वळणदार, स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेलं.

"पण तुझ्या हातून कसं..."

"रडत होते," ती चिडून म्हणाली, जसं काही मीच तिला रडवलं होतं. "बाकी साठ खोटी होती, म्हणून ती शांतपणे तपासता आली. हे एकच मनापासून लिहिलं. दिसत नव्हतं डोळ्यांना. पुन्हा वाचायला घेतलं तर पुन्हा रडू यायला लागलं, म्हणून न वाचताच दिलं पेंटरला."

 तिला रडताना मी एकदाच पाहिलं होतं, काका गेले तेव्हा, आणि तेव्हाही तिने रडता रडता निधनाच्या बातमीतल्या "पत्नि"चा नि दीर्घ केला होता.

"जाऊ दे ना," मी म्हटलं. "इतकी वर्षं भिंतीवर आहे, कोणी वाचलं नसेल. तू इतक्यांदा त्यांच्याकडे गेली असशील, तुला तरी दिसलं का?"

मावशीने चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. काच स्वच्छ झाली तरी पुसतच राहिली.

"मावशी?"

"गेले नाही."

"म्हणजे अलीकडे?"

"कधीच नाही. जायचंच होतं. पहिल्या वर्षी कार्यालयात तपासणी लागली. दुसऱ्या वर्षी तुझ्या काकांचं ऑपरेशन. मग वाटलं, आता रिकाम्या हाताने कसं जायचं. मग इतकी वर्षं गेले नाही याचीच लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेत आणखी वर्षं गेली." चष्मा डोळ्यांवर चढवून ती एकदम कामाला लागल्यासारखी उठली. "ते आता पंच्याऐंशीचे आहेत. बायको मागेच गेली. उद्या त्यांचं काही झालं, तर चार लोक जमतील, भिंतीवरचं वाचतील, आणि ते कोणी लिहिलं हे सगळ्यांना ठाऊक. ते मानपत्र तिथून काढायचं."

"मागून घे."

"आणि काय सांगू? नाही. नवं करून घ्यायचं, हुबेहूब. तू त्यांना बोलण्यात गुंतव, मी बदलून टाकते."

"ही चोरी झाली."

"अदलाबदल," ती म्हणाली.

आठवडाभरात नवी चौकट तयार झाली. छापणाऱ्याला मावशीने ते मानपत्र सात वेळा वाचायला लावलं, एकदा शेवटून सुरुवातीकडे. तो बिचारा शेवटी म्हणाला, "बाई, मी लग्नाला होकारही एवढा विचार करून दिला नव्हता." चौकट भल्या मोठ्या कापडी पिशवीत घातली तरी वरून वीतभर सोनेरी कोपरा डोकावत होता. "कोणी विचारलं तर आरसा म्हणायचं," मावशीने मला बजावलं. गाडीत सबंध रस्ताभर ती पुढे बघत बसली आणि दुकानांच्या पाट्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही, तेव्हा मला कळलं की ती घाबरली आहे.

साहेब तिसऱ्या मजल्यावर राहत होते. दार त्यांनीच उघडलं. हातात काठी, अंगात बाह्यांशी विरलेला स्वेटर, खिशाला पेन. त्यांनी मावशीकडे पाहिलं, मान तिरकी केली, पुन्हा पाहिलं.

"मी पाणीपुरवठ्यातली..." मावशी चाचरली.

"नवाल्या बाई!" ते ओरडलेच. "या, या. म्हातारं केलंत की स्वतःला."

"तुम्ही तरी कुठे तरणे राहिलात, साहेब," मावशी म्हणाली. मग जीभ चावली. साहेबांची नजर पिशवीतल्या सोनेरी कोपऱ्याकडे गेली तेव्हा मी घाईघाईने "आरसा" म्हटलं आणि पिशवी दाराशी टेकवून ठेवली.

खोली नीटनेटकी होती. एक पलंग, दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा, कारण त्या खुर्चीवर बसायला कोणी येत नव्हतं. भिंतीवर बायकोचा फोटो, हसणारा. मानपत्र कुठेच नव्हतं. मावशीने मला डोळ्याने खुणावलं. मी ठरल्याप्रमाणे औषधांवर घसरले. रक्तदाबाची कोणती घेता, जेवणाआधी की नंतर, पायांना सूज येते का. मावशी "जरा हात धुऊन येते" म्हणून आत गेली. आली, नकारार्थी मान हलवली. पाच मिनिटांनी पुन्हा हात धुवायला गेली. मग तोंड धुवायला. मग चौथ्यांदा काहीच कारण सुचेना, म्हणून नुसतीच गेली.

साहेब माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "बाईंना शुगर आहे का?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी आवाज चढवला. "बाई, तिकडे नाहीये. स्वयंपाकघरात आहे."

आतून मावशीचा आवाज आला, "काय?"

"जे शोधताय ते. आणि आरसाही घेऊन या, दारात कलंडतोय."

स्वयंपाकघर एका माणसापुरतं होतं. ओट्यावर एक कप, एक बशी, एक चमचा. शेगडीच्या वर, चहा उकळताना नजर जाईल अशा जागी, ती चौकट लटकत होती. पंचवीस वर्षांच्या वाफेने काच मेणचट झाली होती. फक्त शेवटच्या ओळीपुरती ती पुसून लख्ख केलेली होती.

मावशीने ओट्याची कड धरली.

"समारंभात वाचणाऱ्याने सवयीने बरोबरच वाचलं. येताना गाडीत मी स्वतः वाचलं," साहेब म्हणाले. काठीवर दोन्ही हात ठेवून ते दारात उभे होते आणि चांगलेच मजेत दिसत होते. "आमची ही तर इतकी हसली, की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. म्हणाली, परत पाठवा. मी म्हटलं थांब, आधी खरं ठरतं का बघू. पहिल्या वर्षी नऊ जण आले. आठांना शिफारसपत्र हवं होतं. नववा पत्ता चुकला होता. दुसऱ्या वर्षी पत्ताही कोणी चुकलं नाही. तेव्हा म्हटलं, लावा हे भिंतीवर."

"साहेब..."

"वरच्या ओळी मला कधी पटल्या नाहीत. धीरोदात्त म्हणे! पाल दिसली की मी खुर्चीवर चढतो. पण शेवटची ओळ वाचली की वाटायचं, सबंध खात्यातून एक तरी कागद खरा निघाला." मग ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "एक विचारायचं राहून गेलं होतं. मुद्दाम लिहिलंत ना? तुम्ही चुकणार नाही. मला तेव्हाच वाटलं, या बाईला सगळं आधीच दिसलंय. अभिमान वाटला मला तुमचा."

मी मावशीकडे पाहिलं. हो म्हण, असं डोळ्यांनी सांगत होते. एक शब्द बोलायचा होता. हो म्हटलं की एकसष्टच्या एकसष्ट मानपत्रं बिनचूक, आणि वर ती दूरदृष्टीची बाई. म्हातारा खूश, मावशी खूश, नवी चौकट गुपचूप गाडीत. आयुष्यभर खोटी विशेषणं वाटली, एक स्वतःलाही घेतलं असतं तर कोणाचं काय जात होतं?

मावशीचा हात पर्सकडे गेला. लाल पेन तिने नुसतं मुठीत धरलं.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "चूक झाली. तेव्हा न गाळला होता, इथे नको तिथे घातला."

 साहेबांनी चौकटीजवळ जाऊन त्या घ्नवर बोट ठेवलं. "म्हणजे हा तो न?" आणि त्यांना हसू आवरेना. काठी पडली. मी उचलली. "अहो, अठरा वर्षं हरवला होता, तो इथे येऊन निघाला होय!"

मीही हसले. मावशी हसली नाही.

"ते अक्षर चुकलं," ती म्हणाली. "तेवढं बदलायला आले होते. चोरून. पण सत्तावीस वर्षं आले नाही, ती काही चूक नव्हती. ते मी केलं. तुम्ही तो कागद फाडला नसता, तर आम्ही सगळे उघड्यावर पडलो असतो. भावंडं शिकली, हिची आई शिकली. मी रोज तुमची गोष्ट सगळ्यांना सांगत राहिले आणि तुमच्याकडे एकदाही आले नाही. आज आले, ती पण शुद्धलेखनासाठी." तिने पेन ओट्यावर ठेवलं. "कृतघ्नच बरोबर आहे, साहेब."

मला खाली बघावंसं वाटलं.  साहेबांनी शेगडी पेटवली, पातेलं ठेवलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "कप एकच आहे खाली," ते म्हणाले. "बाकीचे वरच्या फळीवर. माझा हात पोचत नाही." मी स्टुलावर चढून कप काढले. त्यांच्यावर धुळीचा थर होता, बोटाने नाव लिहिता येईल इतका. तीनदा धुवावे लागले.

चहा होईपर्यंत मावशी सावरली होती, म्हणजे तिची वटवट परत आली होती. तिने पिशवीतून नवी चौकट काढली. "आता हे लावा आणि ते मला द्या. नाहीतर मी काच काढून आत्ता दुरुस्त करते."

"असं कसं?" साहेब म्हणाले. खुर्चीत ताठ बसले, चाळीस वर्षांपूर्वी टेबलामागे बसत तसे. "मसुदा करणाऱ्याला परस्पर दुरुस्ती करता येत नाही. मंजुरी ज्याची, दुरुस्ती त्याची. नियम विसरलात?"

"मग तुम्ही करा. हे घ्या पेन."

"आता लगेच नाही. प्रस्ताव विचाराधीन ठेवतो. पुढच्या गुरुवारी या, चर्चा करू."

त्या गुरुवारी चर्चा झाली. त्याच्या पुढच्याही. मावशीने सेवाबिवा काही केली असं कोणी समजू नये. ती तिथे जाते, त्यांची बिस्किटं खाते, वर्तमानपत्रातल्या चुका मोठ्याने वाचते आणि खात्यातल्या एकेका अजातशत्रूची सालं काढते. साहेब तिला सांगतात की तुमचं टायपिंग पहिल्यापासून सुमार होतं. ती त्यांना सांगते की तुमचे मसुदे वाचायला ज्योतिषी लागायचा. मी अधूनमधून त्यांची औषधं पोचवते आणि हल्ली तासभर बसते. कप खालच्या फळीवर आले आहेत. खुर्चीवरचा गठ्ठा रद्दीत गेला. निवडक मानपत्रांचं पुस्तक मावशीने रद्द करून टाकलं, आणि मंडळातल्या बऱ्याच जणांना हायसं वाटलं. डिकीतली नवी चौकट अजून आरसा म्हणूनच फिरते आहे. दर गुरुवारी निघताना मावशी विचारायची, "प्रस्तावाचं काय?" आणि साहेब म्हणायचे, "विचाराधीन."

असे चौदा महिने गेले. मागच्या गुरुवारी आम्ही गेलो तेव्हा साहेबांनी बसा म्हटलं नाही, चहा टाका म्हटलं. ते स्वतः खोलीतच बसून राहिले, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून, आणि वर्तमानपत्र उलटं होतं.

मावशी आत गेली आणि मला हाक न मारता उभीच राहिली. मी मागून जाऊन पाहिलं. काच सगळी स्वच्छ पुसली होती. शेवटच्या ओळीतल्या घ्नभोवती लाल मार्करने वर्तुळ काढलं होतं. तिथून एक रेघ समासापर्यंत, आणि समासात ज्ञ. अक्षर वाकडं आलं होतं. त्याखाली साहेबांची आखूड सही, जशी ते दुरुस्त मसुद्यावर करायचे तशी.

मावशीने ते जवळून वाचलं. नाक ओढलं. मग पर्समधून लाल पेन काढून बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सहीखाली तारीख राहिली, साहेब."

"राहिली नाही," बाहेरून उत्तर आलं. "तारीख घातली की फाइल बंद होते. मग तुम्ही कशाला याल?"

मावशीने पर्स उघडली, लाल पेन आत टाकलं आणि पातेल्यात तिघांचं पाणी ओतलं.

"पुढच्या गुरुवारी घालू," ती म्हणाली.